टोंगळा एक, पंच पन्नास

पुण्या-मुंबईच्या माणसाचा गुडघा दुखतो. वऱ्हाडातल्या माणसाचा टोंगळा दुखतो. बोलण्याच्या ओघात ‘ळ’चा ‘य’ होऊन त्याचा टोंगया होतो, पण कळ तीच. फरक आहे तो मालकीत. गुडघा खाजगी असतो. त्याचं काय करायचं ते माणूस, त्याची बायको आणि विमा कंपनी मिळून ठरवतात. टोंगळ्याचा सातबारा एकाच्या नावावर असला तरी वहिवाट अख्ख्या गावाची असते.

संग्रामपूर हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. पाठीशी सातपुडा, त्यात अंबाबरवा अभयारण्य, म्हणजे मेळघाटचे वाघ शेजारी. खाली पूर्णेकडे खारपाणपट्टा. मध्ये कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर, वरवट बकाल, यातलं कोणतंही गाव घ्या आणि त्यातला चोविसेक वर्षांचा एक गडी घ्या. नाव नको, नाव दिलं की दहा घरं ‘हा आमचाच’ म्हणून पुढे येतील. दिवाळी सरलेली आहे, सोयाबीन विकून झालंय, कपाशीची वेचणी चालू आहे आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर कबड्डी रंगलीय.

गड्याने चढाई केली, बोनस घेतला आणि मध्यरेषेकडे परतताना एकदम वळला. पाय जमिनीत रोवलेला, अंग मात्र गिरकी घेऊन मोकळं. आतून ‘टक’ असा आवाज आला. तो खाली बसला. पुढची वीस मिनिटं मैदानावर जो गोंधळ झाला तो बोनस धरायचा की नाही यावर. गड्याने स्वतः आडवं पडूनच दोनदा सांगितलं की मागचा पाय हवेत होता. टोंगळ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते गुणफलक लिहिणाऱ्या पोराने, कारण त्याला तेवढीच फुरसत होती.

कबड्डीशी वऱ्हाडाचं नातं जुनं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. तेव्हापासून खेळ मातीवरून मॅटवर गेला, दूरदर्शनवर गेला, लिलावात गेला. टोंगळा आहे तिथेच आहे, आणि तो मुख्यतः पुढे-मागे वाकण्यासाठी बनलेला आहे. रोवलेल्या पायावर गिरकी घेणं त्याच्या कामाच्या यादीत फारसं नव्हतं. ते आपण वाढवलं.

पहिली रात्र घरगुती खात्याची. रुईची पानं तेल लावून तव्यावर गरम झाली, वीट तापली, एक काका हळदीचा लेप घेऊन आले. शेजारच्या गावातला चोळणारा रात्रीच दुचाकीवरून आणला गेला. त्याने टोंगळा दाबून पाहिला, डोळे मिटले आणि ‘शीर सरकली’ असं निदान केलं. शीर आपल्या जागेवरच होती. तासा-दोन तासांत जी टम्म सूज आली ती आतल्या रक्ताची, आणि अशा सुजेला चोळणं म्हणजे पेटलेल्या कडब्यावर सुपाने वारा घालणं. पण चोळणाऱ्याचं एक बरं असतं. दुखणारा माणूस ओरडतो आणि घरच्यांना वाटतं, उपचार लागू पडतोय.

दोन आठवड्यांनी सूज उतरली, गडी चालायला लागला. घरात आनंद. मग एक दिवस तो बागेत पाण्याची पाळी द्यायला गेला, धुऱ्यावरून खाली उतरला आणि टोंगळा आतल्या आत सटकला. दोन दिवसांनी ओट्यावरून उतरताना परत. तिसऱ्यांदा दुचाकीवरून पाय टेकताना. या दुखण्याचा खरा स्वभाव हाच. दुखत असं फारसं नाही, पण भरवसा राहत नाही. ‘पाय दगा देते’ असं गड्याने आईला सांगितलं आणि आईने देवापुढे नारळ ठेवून अकोल्याचं नाव काढलं.

अकोल्याला हाडांच्या डॉक्टरांनी मांडी एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. ती चांगली बोटभर पुढे आली. ही तपासणी अमेरिकेतल्या लॅकमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखली जाते आणि तिला वीजही लागत नाही, यंत्रही लागत नाही. पण हाताने झालेल्या तपासणीवर आपल्याकडे कोणाचा विश्वास बसतो? एमआरआय झाला. मोठं पाकीट आलं. त्यावर ‘कम्प्लीट टिअर’ असं लिहिलेलं. परतीच्या एसटीत ते पाकीट तिघा अनोळखी प्रवाशांनी उजेडाकडे धरून पाहिलं. वरवट बकालच्या फाट्यावर उतरेपर्यंत गड्याला दोन सल्ले आणि एक वधूपित्याचा फोन नंबर मिळाला होता.

तुटलेली चीज किती मोठी? जेमतेम सव्वा इंच. गुडघ्याच्या मधोमध दोन दोऱ्या एकमेकींना छेद देत फुलीसारख्या बसलेल्या असतात. त्यातली पुढची ही. अशा दोरीला डॉक्टर लिगामेंट म्हणतात. तरुण माणसाची ती दोरी तुटायला दोन क्विंटलांहून जास्त ओढ लागते असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. वऱ्हाडाला हे माप लगेच कळतं. दोन क्विंटल कापूस लटकवला तरी टिकणारी दोरी एका बोनस गुणापायी गेली. आणि ती आपण होऊन सहसा जुळत नाही. बाजूच्या लिगामेंटला पट्टा बांधून विश्रांती दिली की ते बहुतेकदा भरून येतं. ही मात्र सांध्यातल्या पाण्यात डुंबलेली असते, आणि टोकं सांधायला रक्ताची जी गुठळी लागते ती तिथे टिकत नाही.

सुश्रुताने शरीरात नऊशे स्नायू मोजले. स्नायू म्हणजे त्याच्या लेखी बांधणाऱ्या दोऱ्या. नावेच्या फळ्या बंधनांनी पक्क्या आवळल्या तर ती माणसांचं ओझं घेऊन पाण्यातून जाते, तसं शरीराचं आहे, असा दाखला त्याने दिलाय. नऊशेतली एक गेली तर नाव बुडते का, एवढंच त्याला विचारायचं राहिलं.

तोच प्रश्न आता पारावर आला: ऑपरेशन करायचं की नाही?

पार दोन पक्षांत फुटायला दहा मिनिटं लागली. ऑपरेशनवाल्यांचा पहिला साक्षीदार अर्थातच क्रिकेटपटू ऋषभ पंत. ३० डिसेंबर २०२२ ला गाडीचा चुराडा झाला, जानेवारीत मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मार्च २०२४ मध्ये गडी पुन्हा मैदानात आणि जूनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात. दुसरी साक्षीदार कुस्तीगीर विनेश फोगाट. तिच्या गुडघ्याच्या याच लिगामेंटचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं, आणि वर्षभरात पॅरिस ऑलिंपिकला तिने तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत न हरलेल्या जपानच्या सुसाकीला हरवलं.

‘मंग? सोनं कुठी हाय?’ विरोधकांनी विचारलं.

‘ते शंभर ग्रॅमानं गेलं. टोंगयाचा काय संबंध?’

‘हेच तं म्हनतो मी. टोंगया दुरुस्त केला का वजन वाढते.’

या युक्तिवादाला उत्तर नसतं. विरोधकांच्या पोतडीतही भारी माणसं होती, फक्त त्यांना ती माहीत नव्हती. झ्लाटान इब्राहिमोविच हा स्वीडनचा फुटबॉलपटू चाळिशीत, इटलीतल्या मिलान संघाकडून, ही दोरी नसलेल्या गुडघ्यावर सहा महिने खेळला. त्या मोसमात, २०२२ साली, मिलानने इटलीची लीग जिंकली. त्यानेच नंतर सांगितलं की या काळात दर आठवड्याला गुडघ्यातलं पाणी काढून घ्यावं लागलं. मग ऑपरेशन करून घेतलं. हाइन्स वॉर्ड या अमेरिकी फुटबॉलपटूच्या डाव्या गुडघ्यात तर लहानपणी सायकलवरून पडल्यापासून ही दोरीच नव्हती आणि हे कळलं ते तो व्यावसायिक खेळात उतरायच्या वेळी. डीवॉन ब्लेअर नावाचा बास्केटबॉलपटू दोन्ही गुडघ्यांत दोरी नसताना अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळला. अशी माणसं वैद्यकालाही ठाऊक आहेत. त्यांच्या मांडीचे स्नायू दोरीचं काम अंगावर घेतात. पण कोणाचे घेतील आणि कोणाचे कामचुकारपणा करतील हे आधी सांगता येत नाही. घरगड्यांसारखंच आहे ते.

गावाला वाटतं, तिकडे मोठ्या डॉक्टरांचं तरी एकमत असेल. छे. स्वीडनमध्ये १२१ धडधाकट तरुण माणसं घेतली. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं. उरलेल्या ५९ जणांना सांगितलं, आधी व्यायाम करा, नाहीच जमलं तर ऑपरेशन करू. दोन वर्षांनी, म्हणजे २०१० साली, निकाल छापला: दोन्ही गटांत फरक नाही. ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांनी आकडा ३० वर गेला. म्हणजे निम्मे टळले, निम्मे नुसते लांबले. मग २०२२ मध्ये ब्रिटनने ३१६ जणांचा अभ्यास काढला. त्यांचे गुडघे जुने दुखावलेले, अजूनही सटकणारे होते, आणि तिथे ऑपरेशनवाले सरस ठरले. ऑस्ट्रेलियात आणखी निराळंच. तिथल्या काही डॉक्टरांनी ८० जणांचे नुकतेच दुखावलेले गुडघे काटकोनात वाकवून चार आठवडे पट्ट्यात अडकवून ठेवले, म्हणजे तुटकी टोकं जवळ येतील. तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये नव्वद टक्क्यांच्या दोऱ्या सांधलेल्या दिसल्या! आता काटकोनातला पाय घेऊन चार आठवडे संग्रामपूर-शेगाव एसटीत कुठे बसायचं आणि सकाळी उकिडवं कसं बसायचं, हे त्या अहवालात असण्याचं कारण नाही.

तर शास्त्राचं म्हणणं थोडक्यात पारासारखंच: बघा, तुमच्यावर आहे. एका बाबतीत मात्र ते ठाम आहे. दोरीबरोबर गुडघ्यातली गादी फाटून मध्येच अडकली आणि पाय सरळच होईना, तर मग चर्चा पुरे, टेबलावर चढायचं. दोन हाडांमधल्या कुर्च्याच्या चकतीला सगळा महाराष्ट्र गादीच म्हणतो. कापसाच्या मुलखात या शब्दाने घोटाळा होतो. ‘गादी फाटली म्हन्ते डाक्टर,’ असं कोणी म्हटलं की पारावरचा एक म्हातारा न चुकता ‘पिंजाऱ्याले बलाव’ म्हणतो, आणि न चुकता लोक हसतात. गड्याची गादी शाबूत निघाली. पण पाय दर वेळी सटकला की गादी थोडी थोडी कुरतडली जाते. थांबण्याचं भाडं ते हे.

ऑपरेशनही गावाला वाटतं तसं शिवणकाम नाही. एके काळी तसं होतं. इंग्लंडमध्ये लीड्सच्या मेयो-रॉबसन यांनी १८९५ साली अशा तुटलेल्या दोऱ्या टाके घालून जोडल्या. गंमत म्हणजे त्यांचा रोगी कोणी खेळाडू नव्हता. कोळशाच्या खाणीत राबणारा, एकेचाळीस वर्षांचा मजूर होता, आणि तो कामावर परतला. आता सहसा टाके घालत नाहीत. मांडीच्या मागच्या बाजूची एखादी दोरी काढतात, दुमडून जाड करतात, हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवतात आणि स्क्रूने किंवा छोट्या धातूच्या पट्टीने अडकवतात. सगळं दुर्बिणीतून. दुर्बीण म्हटल्यावर आजीची समजूत झाली की डॉक्टर लांब बसून पाहतात, आणि मग एवढे पैसे कशाचे घेतात हा तिचा प्रश्न रास्तच होता.

हे सगळं सर्वांत लवकर कळलं ते बागायतदार मामाला. ‘म्हंजे कलम!’ तो म्हणाला. संत्र्याचं झाड संत्र्याच्या बीवर कोण वाढवतं? खाली जंबेरीचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि डोळा धरला की नाही ते पाहत बसायचं. टोंगळ्याचंही तसंच. बाहेरून आणलेली दोरी आधी मरगळते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू ती नव्या जागेची होते. या कामाला वर्षभराहूनही जास्त लागतं. यात एक फसवणूक आहे, आणि ती निसर्गाने केलेली आहे. ऑपरेशननंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या सुमाराला माणसाला वाटतं, झालो आपण बरे, आणि नेमकी तेव्हाच आतली दोरी सगळ्यांत कमजोर असते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या पाहणीत नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका खूप जास्त दिसला. मामाने नव्या कलमाला पहिल्याच वर्षी बहार धरू पाहणारा शेजारी आठवून मान हलवली.

गोळ्यांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. टोंगळा दुखला की दुकानातून दोन रंगांच्या दोन गोळ्या आणायच्या, ही इथली रीत. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला मूत्रपिंडाचे रोगी वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने आहेत. सूज-वेदनेच्या बहुतेक गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात. म्हणजे टोंगळ्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या गिळणाराही एक निर्णय घेतच असतो, फक्त तो निर्णय आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पैशाचा विषय निघाला तसा पारावरचा आवाज खाली आला. ‘कार्डावर होते काय?’ हा आपल्याकडे वैद्यकातला पहिला प्रश्न. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली योजना पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पांढऱ्या कार्डालाही तिच्यात जागा मिळाली. पण ‘योजनेत बसणं’ ही एक वेगळीच शारीरिक क्रिया आहे. टोंगळा दुखावलेल्या माणसाला मांडी घालून बसता येत नाही, उकिडवं बसता येत नाही; त्याने योजनेत बसायचं म्हणजे दाखले, फोटो, रेशनकार्डावरचं स्पेलिंग आणि आधारकार्डावरचं स्पेलिंग यांचं मनोमीलन घडवून खिडकीसमोर उभं राहायचं. आणि उभं राहू नका असं तर डॉक्टरने सांगितलेलं.

शिवाय लग्न. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि चोविशीचा गडी म्हणजे घरच्यांनी त्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधलेलंच असतं. आता गुडघ्यावर बाशिंग की पट्टा, एवढाच वाद. पाहुणे यायच्या दिवशी कुबड्या गोठ्यात लपवल्या गेल्या आणि गड्याला सक्त ताकीद मिळाली: खुर्चीत बसूनच राहायचं. पोरीचा बाप चहा संपवून म्हणाला, चला, बाग पाहू. बाग दोन शेतं पलीकडे, मध्ये तीन धुरे. गडी गेला, दोन धुरे बरे उतरला, तिसऱ्यावर सटकला. पोरीच्या बापाने त्याला सावरलं आणि विचारलं, ‘लिगामेंट?’

त्याच्याही टोंगळ्याचं झालेलं निघालं. पुढचा तासभर बागेकडे कोणी पाहिलं नाही.

या सगळ्या पंचांत आजोबांचं मत सर्वांत छोटं होतं. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगाव ते शेगाव हा टप्पा ते वर्षानुवर्षं पायी करतात, दोन्ही टोंगळे कटकट वाजवत. त्यांचं म्हणणं, वाजणारा टोंगळा दगा देत नाही, मुका देतो. हे शास्त्राला धरून नाही. पण नुसता आवाज, सोबत दुखणं किंवा सूज नसेल तर, बहुधा निरुपद्रवी असतो हे डॉक्टरही सांगतात. म्हणजे अर्धे गुण आजोबांना द्यायला हवेत.

आणि एवढ्या कल्लोळात एक प्रश्न राहून गेला होता तो दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारला: ‘तुला या पायाने करायचं काय आहे?’ गड्याला आधी प्रश्नच कळला नाही. पायाने काय करतात? मग तो बोलत सुटला. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाने, आणि पाय हाच. पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप घेऊन ओल्या काळ्या मातीतून चालायचं. ती माती बुटाला अशी धरते की पाय रुततो आणि अंग वळतं. अगदी त्या दिवशी मैदानावर वळलं तसं. उन्हाळ्यात त्याच शेताला पाऊल जाईल एवढ्या भेगा. संत्रा तोडायला शिडी. आणि कबड्डी? तो थांबला. आईकडे पाहिलं. ‘कबड्डी नाई,’ आई म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर ‘शेती’ लिहिलं आणि जरा वेळाने त्यापुढे, आईला न दिसेल असं, ‘कबड्डी?’ लिहिलं.

ठरलं ते असं: तीन महिने व्यायाम, नीट, रोज. मांडी पुरती भरू द्यायची. ऑपरेशन करायचं झालं तरी आधी मांडी तयार असलेली बरी. महाराजांच्या प्रकटदिनानंतर पुन्हा नडगी ओढून पाहायची. तोवर सटकायचं थांबलं तर ठीक. नाहीतर पेरणीच्या आधी कलम.

सध्या गडी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर उताणा पडून पाय सरळ वर उचलतो, पाच मोजेपर्यंत धरतो, खाली ठेवतो. असे तीस. त्याचं मोजणं चुकतं म्हणून आजी जपमाळ घेऊन शेजारी बसते. एक पाय, एक मणी. पण रस्त्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण ओट्यापाशी थांबून विचारतो, ‘काऊन गा, मंग कराचं का नाई ऑपरेशन?’ आजी सविस्तर उत्तर देते. माळ हातातच राहते, मणी सुटतो, आणि माणूस गेला की ती नातवाला सांगते, ‘आता पयलेपासून घे.’